बसलं म्हणजे जुळलं नव्हे

पाईप फुटला की तो खोलायचा, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळायचा, मोटारसायकलला अडकवायचा आणि जयसिंगपूर गाठायचं. दुकानदाराच्या काउंटरवर टाकायचा आणि म्हणायचं, "असाच द्या." हायड्रॉलिक पाईप बदलण्याची एवढीच विद्या मला बरीच वर्षं येत होती आणि तेवढी पुरते असा माझा ठाम समज होता. त्या समजापायी काय काय फुटलं, चिरलं, अडकलं आणि एकदा जिवावर कसं बेतलं, त्याचा हा हिशोब. यातली एकही चूक अवघड नव्हती. प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो बहुतेक वेळा एकच होता.

घरी एक ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे लोडर. मागे आलटून पालटून जोडली जाणारी तीन अवजारं: दोन फाळी पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली आणि भागीत घेतलेला पाचटाचा बेलर. नांगर नि ट्रॉली इकडच्याच कारखान्यांतली. बेलर युरोपियन बनावटीचा. लोडरची फिटिंग अमेरिकन पद्धतीची. सगळ्यांना तेल एकाच पंपाचं मिळतं, पण सांधे मात्र तीन वेगळ्या घराण्यांचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

पहिला घोळ 'अर्धा इंची'चा. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" मी छातीठोकपणे सांगायचो, अर्धा इंची. पाईपापुरतं ते खरं होतं. हायड्रॉलिक पाईप आतल्या भोकावर मोजतात; नांगराच्या पाईपाचं भोक १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, आपल्या भाषेत चार सूत. पण या अर्ध्या इंची पाईपाच्या टोकाला काय प्रेस करायचं, हे त्यावरून अजिबात ठरत नाही. ब्रिटिश घराण्याचं बीएसपी अर्धा इंच बसवता येतं, अमेरिकन घराण्याचं पाऊण इंची यूएनएफ आट्यांचं जेआयसी बसवता येतं, युरोपियन घराण्याचं एम २२ चं मेट्रिक बसवता येतं. पाईप तोच, किंमतही जवळपास तीच, आणि काउंटरवर शेजारी ठेवले तर लांबून तिन्ही नट सारखेच पिवळट-पांढरे चकाकतात.

मग मी व्हर्नियर घेतलं. आता आपण शास्त्रशुद्ध काम करणार, असं वाटलं. बीएसपी अर्धा इंचाच्या नर आट्यांवर व्हर्नियर लावलं तर काटा २१ मिलिमीटरला थोडा कमी दाखवतो. प्रमाणात तो आकडा २०.९५५ आहे. त्यात अर्धा इंच शोधायला गेलात तर कुठंच सापडत नाही. हे माप जुन्या लोखंडी पाईपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं. पाईपाची भिंत जाड, तिच्यावर बाहेरून आटे पाडलेले, म्हणून बाहेरचा आकडा एवढा मोठा. मला ते ठाऊक नव्हतं. त्यात मी मोजला तो नर नव्हताच. पाईपाच्या टोकाचा मादी नट आतून मोजला. साडेअठराच्या जरा वर भरला. मोबाईलमध्ये तक्ता होता. त्यात एम २० बाय १.५ च्या मादीचं आतलं माप १८.४ च्या आसपास दिलेलं. "दोन दशांश झीज असेल," असं मीच मला समजावलं आणि एम २० चं टोक मागितलं. दुकानदाराकडे अर्ध्या इंची पाईपाला तसलं टोक नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मागवून दिलं. शेतात येऊन लावतो तर नट नराच्या तोंडालाच अडखळला. जाणार कसा? नर २१ चा आणि नट २० चा.

अर्धा इंच बीएसपीचा मादी नट आतून १८.६ असतो. एम २० चा १८.४. व्हर्नियरनं नुसता आतला व्यास घेऊन या दोघांत निवड करणं म्हणजे जुगार. फरक कळतो तो आट्यांच्या अंतरात: बीएसपीच्या या मापाला इंचात १४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.८ मिलिमीटर, एम २० ला दीड मिलिमीटर. पिच गेज नावाची पातळ पात्यांची जुडी मिळते, तिच्यातलं योग्य पातं आट्यात ठेवून उजेडाकडे धरलं की फट दिसते किंवा दिसत नाही. गेज नसेल तर ओळखीचा एखादा निप्पल आट्याला आटा भिडवून धरायचा. चार-पाच आटे एकात एक गच्च बसले तर जात जुळली. पहिले दोन बसून पुढचे डोंगरावर डोंगर चढायला लागले तर नाही. आणि शक्य असेल तिथं नर मोजायचा, तोही वापरातल्या झिजलेल्या आट्यावर न मोजता मुळाकडच्या कोऱ्या आट्यावर.

ही चूक खिशावर तशी स्वस्तात गेली. जे बसतच नाही ते नुकसान करत नाही, फक्त हेलपाटा घालायला लावतं. महाग पडतं ते बसणारं.

ट्रॅक्टरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून कपलरकडे जाणारा निप्पल खराब झाला होता. नांगरटीची घाई, ऊस तुटून रान मोकळं झालेलं, वळवाच्या आत उभी-आडवी व्हायला हवी होती. सुट्या सामानाच्या डब्यात एक निप्पल पडला होता, भंगारातून आणलेल्या कुठल्या तरी यंत्राचा. व्हॉल्व्हचं तोंड बीएसपी अर्धा इंच. निप्पल हातानं तीन-चार फेरे छान गेला. मग जड झाला. जड झाला म्हणजे घट्ट होतोय, असा अर्थ मी लावला आणि पान्याला पाईप घालून जोर दिला. थेंब थांबला. दोन दिवस नांगर चालला. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या अंगावरूनच तेल पाझरताना दिसलं. पुसलं तर परत आलं. बॅटरीच्या उजेडात तोंडापासून खाली उतरलेली केसासारखी चीर दिसली.

तो निप्पल एनपीटी होता, अमेरिकन पाईपाचे आटे. बीएसपीच्या अर्ध्या इंचाला इंचात १४ आटे. एनपीटीच्या अर्ध्या इंचालाही १४च. पाऊण इंचाचीही तीच गत. म्हणून ते एकमेकांत शिरतात आणि माणूस फसतो. दोन गोष्टी मात्र निराळ्या. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात सुचवलेल्या आट्याचा. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियात ६० अंशांचा आटा मांडला आणि तिकडचं वळण त्या बाजूला गेलं. आपल्याकडे पाण्याच्या जीआय पाईपापासून ब्रिटिश आटेच रुजलेले, म्हणून आपला हात आणि डोळा बीएसपीला सरावलेला. दुसरी गोष्ट उताराची. एनपीटी टोकाकडे निमुळता होत जातो, सोळा मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर. व्हॉल्व्हचं तोंड सरळ होतं. सरळ भोकात निमुळता नर पान्यानं दाबला की लाकडात पाचर ठोकावी तसं होतं. बिडाचं ओतीव घर ताणलं जातं आणि कुठे तरी सुटतं. मी जितका जोर लावत गेलो तितकी ती चीर मीच घडवत होतो. व्हॉल्व्ह बदलावा लागला. त्या पैशात डझनभर पाईप आले असते.

तेव्हापासून एक ओळखलं: हातानं तीन फेरे जाऊन चौथ्याला अडखळणारं फिटिंग घट्ट होत नसतं, ते नको म्हणत असतं. सरळ आट्यांचं योग्य फिटिंग हातानं शेवटपर्यंत जातं आणि पाना फक्त अखेरच्या थोड्याशा फेराला लागतो. निमुळत्या आट्यांचं लवकर जड होतं, पण ते निमुळतं आहे हे आधी डोळ्यांनी कळलेलं असावं. नराच्या आट्यांवर व्हर्नियरचे जबडे सपाट टेकवा. टोकाशी उजेड दिसला तर उतार आहे.

तिसरी चूक पांढऱ्या टेपची. गळतंय? टेप मार. विहिरीवरच्या मोटारीपासून घरच्या नळापर्यंत हाच उपाय चालत आलेला, मग ट्रॉलीच्या जॅकला का चालू नये? पाईपाच्या फिरत्या नटाखाली आटे होते, त्यांना मी सात-आठ वेढे टेप गुंडाळली आणि नट आवळला. गळती कमी झाली, थांबली नाही. परत काढलं, आणखी गुंडाळली. असं कितीदा केलं कोण जाणे. काही दिवसांनी ट्रॉली वर उचलून लिव्हर सोडला तरी ती आपली हळूहळू खाली बसू लागली. जॅकचं सील गेलं म्हणून जॅक खोलून घेतला. सील ठणठणीत. शेवटी ज्या मिस्त्रींनी कंट्रोल व्हॉल्व्ह खोलला, त्यांनी चिमट्यानं आतल्या बसक्यावरून काही तरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरा, चुरगळलेला, नखाएवढा टेपचा तुकडा. त्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता.

मिस्त्रींनी त्या वेळी जे विचारलं तोच तो राहून गेलेला प्रश्न. म्हणाले, "भाऊ, ह्या सांध्यात तेल अडतं कुठं?" मी म्हणालो, "आट्यात." ते हसले नाहीत, फक्त फिटिंग माझ्यासमोर धरलं. "आटे धरून ठेवायला हैत. अडवायला दुसरं कायतरी हाय. ते बघा."

खरंच, बघितलं तर दिसतं. त्या पाईपाच्या नटाच्या आत एक घुमटाकार नाक असतं, आणि समोरच्या नराच्या तोंडात आतल्या बाजूला उतरती वाटी. नट आवळला की नाक वाटीत टेकतं; तेल तिथं अडतं. आट्यांचं काम एवढंच, की नाक वाटीवर दाबून धरायचं. आट्याला टेप गुंडाळून त्या टेकण्यात काहीच फरक पडत नाही. माझी गळती होती वाटीवर पडलेल्या ओरखड्याची. मी टेप लावत होतो भलतीकडेच. टेप किंवा पेस्ट चालते ती फक्त निमुळत्या आट्यांना, कारण तिथं खरोखरच आट्यांतच अडवायचं असतं. आणि तिथंही पहिला आटा मोकळा सोडून, म्हणजे तुकडे तेलात जात नाहीत. हायड्रॉलिकला तर मी आता टेप जवळही येऊ देत नाही.

त्यानंतर मी फिटिंग हातात घेतलं की आटे मोजायच्या आधी तोंड बघतो. शेतीच्या अवजारांवर मला भेटलेले प्रकार फार नाहीत. नराच्या तोंडात आत पसरट उतार असेल, तर बहुधा बीएसपी, ६० अंशांचा. नराचं टोकच बाहेरून शंकूसारखं निमुळतं असेल, तर जेआयसी, ३७ अंशांचं. तोंडात लांब, अरुंद उतार आणि त्याच्या तळाशी पायरी असेल, तर २४ अंशांचं मेट्रिक. तोंड सपाट आणि त्यात खाच पाडून रबराची ओ-रिंग बसवलेली असेल, तर सपाट तोंडाचं ओआरएफएस. त्यात रिंग हरवली की नट कितीही आवळा, गळणारच. आणि पाईपाचं टोक सोडून व्हॉल्व्हच्या किंवा जॅकच्या अंगात जाणारा सरळ आट्यांचा निप्पल असेल, तर त्याच्या षटकोनाखाली ओ-रिंग किंवा धातूच्या कड्यात रबर चिकटवलेला डाउटी वॉशर असतो. हा वॉशर जुन्या निप्पलबरोबर चिकटून निघतो आणि ग्रीसच्या थराखाली दिसत नाही. मी एकदा तो कचरा समजून खरवडून टाकला होता.

अंशांची गोष्ट निघाली म्हणून लेथवरची चूक सांगतो, कारण ती करणारा मी एकटा नसणार. लोडरच्या लोखंडी नळीचं टोक जेआयसी. त्याला जुळणारा एक अडॅप्टर घाईत मिळेना. मी लेथवाल्याकडे गेलो, आटे बरोबर सांगितले: पाऊण इंच, इंचाला १६. शंकूचा कोन विचारला तर म्हणालो, ३७. त्यानं विचारलं, "एकूण का एका बाजूचा?" मी म्हणालो, "एकूणच की! बीएसपीचा ६० असतो, ह्याचा ३७." मला वाटलं जेआयसीचा शंकू बीएसपीपेक्षा टोकदार असणार. त्यानं निम्मा कोन लावून, म्हणजे साडेअठरावर स्लाईड फिरवून, सुरेख टोकदार शंकू काढून दिला. आटे हातानं शेवटपर्यंत गेले. चालू केल्याबरोबर चूळ भरल्यासारखं तेल उडालं.

गोम अशी की हे आकडे एका पद्धतीनं सांगितले जातच नाहीत. बीएसपीचे ६० अंश म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंमधला पूर्ण कोन. मेट्रिकचे २४ सुद्धा पूर्ण. जेआयसीचे ३७ मात्र मधल्या अक्षापासून एका बाजूचे. पूर्ण कोन ७४. म्हणजे जेआयसीचा शंकू बीएसपीपेक्षा बोथट असतो, टोकदार नव्हे. लेथवाल्यानं नुसता ३७ वर हात ठेवला असता तरी काम झालं असतं. मी अडाणीपणानं त्याला बरोबर मार्गावरून खाली उतरवलं. वर असल्या दाबाला कुठल्या तरी सळईतून काढलेला अडॅप्टर वापरणं हेही शहाणपणाचं नव्हतंच.

आता कोन तपासायला मी पुतणीच्या कंपासपेटीतला गुण्या वापरतो, तो ३०-६०-९० चा. त्याचा ६० चा कोपरा नराच्या तोंडात घालून बघायचा. दोन्ही कडा टेकल्या आणि मध्ये उजेड नाही, तर बीएसपी. जेआयसीसाठी कोनमापकानं पुठ्ठ्यात ७४ अंशांची खाच कापून ठेवली आहे. ती शंकूवर उलटी बसवून बघतो. विकतचं गेज मिळतं, ते जास्त नेमकं. पण पुठ्ठ्याचं काम अंदाजापेक्षा शंभर पटीनं बरं.

बेलरनं शिकवलेला धडा याच्याही पुढचा. तिथं आटे बरोबर, कोन बरोबर, आणि तरी गळती. बेलरच्या दारावरचा पाईप गेला. मी आता शहाणा झालेलो. नर मोजला १८ ला थोडा कमी, पिच दीड, तोंडात लांब उतार. एम १८ बाय १.५, २४ अंश. दुकानातून तसंच टोक आणलं, ओ-रिंगवालं. हातानं नट सरसर गेला. पण आवळून झाल्यावरही पाईप नटात किंचित हलत होता. दाब दिला की ओलं व्हायचं.

या मेट्रिक घराण्यात हलकी आणि भारी अशा दोन मालिका आहेत, आणि दोघींत काही आटे तेच आहेत. एम १८ बाय १.५ हा नट हलक्या मालिकेत १२ मिलिमीटरच्या नळीला येतो, भारी मालिकेत १० च्या. एम २२ चंही तसंच: हलक्यात १५ ची नळी, भारीत १४ ची. मला दहाचं नाक दिलेलं, समोर बाराची वाटी. नाक आत खोल जाऊन अधांतरी टेकत होतं. बेलरवर त्या सांध्याच्या पलीकडेच लोखंडी नळी होती. तिच्यावर व्हर्नियर लावलं असतं तर १२ आकडा समोर आला असता. मी आट्यापाशी थांबलो होतो. मेट्रिक असेल तर आटा आणि नळी, दोन्ही मापं सांगितल्याशिवाय टोक विकत घ्यायचं नाही.

अडॅप्टरांबद्दल थोडक्यात. जेव्हा जेव्हा मला ओळख पटली नाही, तेव्हा मी अडॅप्टर लावून वेळ मारून नेली. बीएसपीवर मेट्रिक, त्यावर एक एल्बो, त्यावर कपलर. लोडरवर एके काळी असा वीतभर मनोरा उभा होता. प्रत्येक सांधा म्हणजे गळायची एक जास्तीची जागा, आणि खडबडीत बांधावरून जाताना सगळ्या मनोऱ्याचं वजन मुळाशी हिसके मारतं. तो मुळातूनच मोडला. हंगामात एक अडॅप्टर समजू शकतो. दोन लागले तर पाईपच चुकीचा आणलाय.

ओळख टोकाची जशी, तशी पाईपाचीही. पाईपावर छापलेली ओळ मी कधी वाचली नव्हती. नांगराला स्वस्त पडला म्हणून सिंगल वायर घेतला होता. १एसएन जातीच्या अर्ध्या इंची पाईपाला कामाचा दाब १६० बार, २एसएन म्हणजे डबल वायरला २७५. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह १६० च्या वर उघडणारा, आणि नांगर पलटताना फाळांचं वजन मधला बिंदू ओलांडून पडतं तेव्हाचा झटका निराळाच. तो पाईप हंगामही टिकला नाही. दुसरं, लांबी. दाब आला की पाईप चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, दोन टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मी मोजपट्टी लावून जेवढ्यास तेवढा कापून आणला आणि तो टोकाशी ताणून उखडला. तिसरं, पीळ. नट आवळताना पाईपाचा षटकोन दुसऱ्या पान्यानं धरला नाही तर पाईप पिळला जातो. छापलेली ओळ इथं कामाला येते: ती सरळ दिसली पाहिजे. मलखांबाच्या वेतासारखी वळसे घेत गेली असेल तर नट सैल करून परत लावा.

एक चूक मात्र या रांगेत बसवता येत नाही. ट्रॉली वर उचललेली होती. जॅकच्या खालच्या पाईपाचं फिटिंग कसलं आहे ते बघायला मी खाली वाकलो आणि नट जरासा सैल करू लागलो, तोंड दिसावं म्हणून. डंपिंग ट्रॉलीचा जॅक एकाच बाजूनं तेल घेतो. तेलाला वाट मिळाली की सगळी ट्रॉली खाली. आमच्या ड्रायव्हर मामांनी लांबून पाहिलं आणि असे ओरडले की पाना हातातून पडला. "दादा, बाहेर या आधी! बाहेर!" त्यांनी ट्रॉली खाली घेतली, इंजिन बंद केलं, लिव्हर दोन्हीकडे हलवून उरलेला दाब सोडला आणि मग माझ्याकडे पाना दिला. बोलले काहीच नाहीत. वर उचलून काम करायचंच असेल तर भक्कम टेकू लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला त्यांनी शिकवायला हवं होतं का?

त्यांनीच नंतर बोट फिरवून गळती शोधण्याची माझी सवय मोडली. गाडीच्या टायरात सव्वादोन-अडीच बार हवा असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दीडशे-दोनशे बार सहज. टाचणीएवढ्या छिद्रातून निघालेलं ते तेल दिसत नाही आणि कातडी भेदून आत शिरतं. जखम बारीक दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, आतलं मांस मात्र सडू लागतं. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावं आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगावं. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून.

आता पाईप गेला की मी आधी दाब सोडतो, दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावतो. नाही तर नांगर लिव्हरच्या उलट पलटतो, तेही करून झालंय. मग समोरचा नर धुऊन तोंड बघतो, कोन बघतो, व्यास घेतो, पिच घेतो, मेट्रिक असेल तर नळी मोजतो, आणि एल्बो असेल तर तो पाईपाच्या कुठल्या बाजूला वळलाय त्याचा फोटो काढतो. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणावर आतून ऑइलपेंटनं कुठल्या तोंडाला काय आहे ते लिहिलंय. ती यादी अजून अर्धवट आहे. बेलरच्या गाठी बांधायच्या बाजूची दोन तोंडं मी उघडलेली नाहीत, आणि गरज पडेपर्यंत उघडणार नाही.

दुकानात मात्र जुनीच लढाई चालू असते. दुकानदार टोक नरावर फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "बसतंय की, पाव्हणं!" त्याचंही चुकत नाही, समोर दहा माणसं घाईत उभी असतात, आणि दहाही 'असाच द्या' म्हणत असतात. मी त्याला मिस्त्रींचा प्रश्न विचारतो: तेल अडणार कुठं? उत्तर देता आलं तर प्रेस मारायला सांगतो. आलं नाही तर पाईप कापू देत नाही, पुढचं दुकान गाठतो.